पेत्राच्या किल्ल्या, पौलाची पत्रं आणि याकोबाचा शब्द

२०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले आणि ८ मे ला लिओ चौदावे निवडून आले. त्या दिवसांत टीव्हीवर सारखं एकच ऐकू यायचं, संत पेत्राचे वारस, संत पेत्राचे वारस, आणि तेव्हापासून आमच्या घरात जो वाद सुरू झालाय तो काही मिटायचं नाव घेत नाहीये. आमचं घर मिश्र आहे. आम्ही मूळचे नगरकडचे, सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, प्रोटेस्टंट. बहीण वसईला कॅथलिक घरात दिलेली, आणि धाकटा चुलतभाऊ गेली काही वर्षं एका स्वतंत्र फेलोशिपला जातो. सगळे जमले की भावोजी म्हणतात येशूने स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या पेत्राला दिल्या, म्हणजे पेत्र पहिला पोप, यात वाद कसला. मामा म्हणतात अहो त्याच पेत्राला पौलाने चारचौघांत तोंडावर सुनावलं होतं, ते गलतीकरांच्या पत्रात वाचा ना. आणि चुलतभाऊ म्हणतो सुरुवातीला बिशप, पास्टर, फादर असं कोणी नव्हतंच, सगळे भाऊ-बहिणी सारखे होते, हे सगळं चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन या रोमी बादशहाने आणलं. तिघंही मनापासून विश्वास ठेवणारी माणसं आहेत, तिघंही बायबल वाचतात, आणि तरी मला वाटतं तिघांचा प्रश्नच चुकलाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पहिल्या शतकातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, "सगळ्यात वरचा कोण" अशी एक खुर्चीच नव्हती, त्यामुळे त्या खुर्चीवर पेत्र होता की पौल हे शोधण्यात काही अर्थ नाही. पण खुर्ची नव्हती म्हणजे पुढारी नव्हते असंही अजिबात नाही. पुढारी भरपूर होते, फक्त प्रत्येकाचं काम वेगळं होतं, आणि ती कामं एकमेकांना धरून चालायची, कधीकधी एकमेकांना अडवायची सुद्धा. त्या ओढाताणीमुळेच मंडळी टिकली असं मला वाटतं. आपण आजची पदं हातात घेऊन मागे जातो आणि तिथल्या माणसांना ती चिकटवत बसतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

भावोजींची बाजू आधी घेते, कारण आमच्याकडचे लोक ती नीट ऐकूनही घेत नाहीत आणि ती वाटते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. "तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन" हे मत्तयाच्या १६ व्या अध्यायातलं वाक्य. त्यावर आमचे प्रोटेस्टंट लोक लगेच ग्रीक काढतात, की पेत्रोस म्हणजे दगड आणि पेत्रा म्हणजे मोठा खडक, दोन्ही वेगळे. पण येशू बोलायचा अरामी, आणि अरामीत दोन्हीकडे एकच शब्द येतो, केफा. खुद्द पौल त्याला बहुतेक वेळा केफाच म्हणतो. तेव्हा ती पळवाट फार कामाची नाही. शिवाय बारा प्रेषितांची नावं जिथे जिथे येतात तिथे पहिलं नाव पेत्राचं असतं, पेन्टेकॉस्टला, पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, उठून बोलतो तो पेत्र, कर्नेल्यासारख्या परराष्ट्रीयाच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसाच्या, घरात पहिलं पाऊल टाकतो तो पेत्र, पुनरुत्थित येशू कोणाकोणाला दिसला याची जी यादी पौल करिंथकरांना देतो तिच्यात पहिलं नाव केफाचं. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाचा पालट झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला जातो तेव्हा १५ दिवस कोणाकडे राहतो? पेत्राकडेच ना. एवढं सगळं असताना पेत्र म्हणजे इतरांसारखाच एक होता असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

पण पहिला असणं आणि सगळ्यांचा साहेब असणं या दोन गोष्टी आहेत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा. ८ व्या अध्यायात शोमरोनात लोकांनी वचन स्वीकारल्याची बातमी यरुशलेमला येते तेव्हा प्रेषित पेत्र आणि योहान यांना तिकडे *पाठवतात*. पोपला कोणी पाठवतं का? ११ व्या अध्यायात पेत्र कर्नेल्याकडे जेवून आला म्हणून यरुशलेमचे लोक त्याला जाब विचारतात, आणि तो चिडत नाही, किल्ल्यांची आठवण करून देत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत काय घडलं ते सगळं उलगडून सांगतो. १२ व्यात तुरुंगातून सुटल्यावर तो म्हणतो ही गोष्ट याकोबाला आणि भावांना सांगा, आणि दुसरीकडे निघून जातो. मग साधारण इ.स. ४९ ची ती यरुशलेमची मोठी बैठक, परराष्ट्रीयांची सुंता करायची की नाही यावरची, १५ वा अध्याय. तिथे पेत्र बोलतो ते साक्षीदार म्हणून, देवाने माझ्या डोळ्यांदेखत काय केलं ते असं. बर्णबा आणि पौल आपले अनुभव सांगतात. आणि मग "माझं मत असं आहे" म्हणून चर्चेला शेवट देतो तो याकोब, येशूचा भाऊ. पत्र जातं ते प्रेषित आणि वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ पुढारी, या सगळ्यांच्या नावाने.

आमच्या घरातल्या वादात या याकोबाचं नाव कोणीच घेत नाही, आणि मला ते फार खटकतं. पौल गलतीकरांना तिघांना आधारस्तंभ म्हणतो, त्यात क्रम आहे याकोब, केफा, योहान. याकोब बारांपैकी नव्हता. येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहानाचं शुभवर्तमान स्पष्ट सांगतं. तरी यरुशलेममध्ये पाय रोवून राहिला तो हाच. प्रार्थना करून करून त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे घट्टे पडलेले झाले होते अशी दुसऱ्या शतकातली आठवण आहे. इ.स. ६२ मध्ये रोमी सुभेदार फेस्त मेला आणि नवा अजून पोहोचायचा होता, त्या मधल्या काळात प्रमुख याजक हनान याने याकोबाला दगडमार करून मारवलं, हे योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो. तो काही ख्रिस्ती नव्हता. शहरातले कायदा पाळणारे लोक त्या प्रकाराने नाराज झाले असंही तो नोंदवतो. म्हणजे याकोबाचं काम काय होतं बघा, मंदिराच्या सावलीत, यहुदी शेजाऱ्यांमध्ये राहून, त्यांचा मान ठेवून येशूची मंडळी चालवायची. हे काम पौलाला जमलं असतं का? आठवडाभरात दंगल झाली असती, आणि पुढे खरंच तसं झालंही.

आता मामांचा मुद्दा, अंत्युखिया शहरातला प्रसंग. पेत्र तिथे परराष्ट्रीय भावांबरोबर जेवत होता, याकोबाकडून काही माणसं आली आणि तो मागे सरला, वेगळा बसायला लागला, बर्णबासुद्धा त्यात वाहून गेला, आणि पौलाने सगळ्यांसमोर त्याला धरलं. आमच्या संडे स्कूलमध्ये हे पौलाचा विजय म्हणून शिकवलं जायचं. पण ही गोष्ट आपल्याला सांगतोय कोण? पौलच. पेत्राने त्यावर मान्य केलं असं पौल कुठेही लिहीत नाही, आणि जिंकलेला माणूस ते लिहायचं राहू देईल असं मला तरी वाटत नाही. शिवाय त्याच अध्यायात जरा वर तोच पौल सांगतो की मी यरुशलेमला जाऊन माझी सुवार्ता तिथल्या प्रमुखांपुढे मांडली, माझी धावपळ व्यर्थ जाऊ नये म्हणून. म्हणजे त्यालाही त्यांच्या हाताची गरज होती, आणि त्यांनी उजवा हात दिला, कामं वाटून घेतली, पेत्र सुंता झालेल्यांकडे आणि पौल परराष्ट्रीयांकडे.

मला तर वाटतं अंत्युखियात पेत्र जो डगमगला तो त्याच्या कामामुळेच डगमगला. पौल एका टोकाला होता, याकोब दुसऱ्या टोकाला, दोघांची माणसं ठरलेली होती, दोघांना आपली बाजू सोडायची गरज नव्हती. मधे उभा होता पेत्र. जो दोन्हीकडच्यांना धरून ठेवतो त्याचीच ओढाताण होते, हे ज्यांनी घरात किंवा पास्टोरेट कमिटीत कधी मध्यस्थी केली असेल त्यांना सांगायला नको. पेत्र चुकला, हो, पौलाचं म्हणणं बरोबर होतं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण पेत्र मधे नसता तर त्या दोन टोकांच्या दोन वेगळ्या मंडळ्या झाल्या असत्या.

पौलाचं काम म्हणजे नांगरट. करिंथमध्ये दीड वर्ष, इफिसात सुमारे तीन वर्षं, तंबू शिवून पोट भरायचं, मंडळी उभी करायची आणि पुढे निघायचं. मागे काय उरायचं? घराघरांतून जमणारे लोक आणि नंतर पौलाची पत्रं. करिंथमध्ये "मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा" असे गट पडले तेव्हा तो वैतागून लिहितो की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. आमचा घरचा वाद हा तोच करिंथचा वाद आहे, जवळजवळ दोन हजार वर्षं जुना, आणि पौलाने त्याचं उत्तर तेव्हाच देऊन ठेवलंय.

इथे भावोजींचा एक खरोखर अवघड प्रश्न येतो. ते म्हणतात ठीक आहे, पहिल्या शतकात पोपसारखं दिसत नव्हतं, पण बी झाडासारखं दिसतं का? प्रश्न चांगला आहे. मी त्यांना पेशव्यांचं उदाहरण दिलं. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी मोरोपंत पिंगळे पेशवे होते, अष्टप्रधानांतले पहिले, पण आठांपैकी एक, राजांनी नेमलेले, पद घराण्यात चालायचं नाही, फौज सेनापतीकडे, हिशेब अमात्याकडे. १७१३ ला शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, मग बाजीराव, मग नानासाहेब, आणि १७४९ ला शाहू महाराज गेल्यावर सगळा कारभार पुण्यातून चालायला लागला. शब्द तोच, वस्त्रं तीच, पद पार बदललेलं. बाजीराव पेशवे नव्हते असं कोणी म्हणेल का? पण बाजीरावांकडे बघून मोरोपंतांचे अधिकार ठरवले तर इतिहास चुकेल की नाही? रोमच्या बिशपपदाचं तसंच आहे. ते वाढलं ती लबाडी होती असं मी म्हणत नाही, वाढायला कारणं होती. पण साधारण इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथला जे लांबलचक पत्र लिहिलं, ज्याला आपण क्लेमेंटचं पत्र म्हणतो, ते "रोममध्ये राहणाऱ्या देवाच्या मंडळी"च्या नावाने आहे, त्यात कुठल्या एका बिशपचं नाव नाही. नंतर अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस हुतात्मा व्हायला रोमला चालला होता तेव्हा वाटेत त्याने सात पत्रं लिहिली, बिशपशिवाय काही करू नका असं तो इतर मंडळ्यांना परत परत बजावतो, पण रोमकरांना लिहिताना तिथल्या बिशपचा उल्लेखच करत नाही. इ.स. १८० च्या आसपास आयरेनियस हा बिशप रोमच्या बिशपांची यादी देतो तेव्हा तोसुद्धा ती मंडळी पेत्र आणि पौल या *दोघांनी* उभी केली असं म्हणतो. दोघांचा सण २९ जूनला एकत्रच येतो, वसईतही येतो, भावोजी स्वतः त्या मिस्साला जातात.

आणखी एक गोष्ट. येशूला धरून देणारा यहूदा गेल्यावर त्याच्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं. पण पुढे हेरोदाने जब्दीच्या याकोबाला तलवारीने मारलं तेव्हा त्याची जागा कोणीच भरली नाही. का? कारण बारा जण म्हणजे भरायच्या पोस्ट नव्हत्या, इस्राएलच्या बारा वंशांची ती खूण होती आणि येशूला पाहिलेले साक्षीदार होते. साक्षीदाराचा वारस कसा नेमणार? त्याची साक्ष पुढे नेता येते, त्याची जागा नाही घेता येत.

चुलतभावाचं म्हणणं ऐकायला सगळ्यात छान वाटतं, आणि पुराव्यापुढे सगळ्यात आधी पडतं. कॉन्स्टंटाइनच्या पन्नास-साठ वर्षं आधी, इ.स. २५१ च्या सुमाराला, रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशेब देतो: ४६ वडील, ७ डीकन (सेवक), ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (मदतनीस), वाचक, द्वारपाल आणि भुतं काढणारे मिळून ५२, आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा आणि गरजू लोक दीड हजारांहून जास्त. हे कुठल्या बादशहाच्या हुकमाने झालेलं नाही, उलट बादशहा तेव्हा ख्रिस्ती लोकांना मारत होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो तेव्हा अध्यक्ष आणि सेवक यांना वेगळा नमस्कार घालतो. अध्यक्ष हा अनेकवचनी शब्द आहे बरं का, एकाच गावात अनेक. इफिसच्या ज्या माणसांना कृत्यांच्या २० व्या अध्यायात वडील म्हटलंय त्यांनाच पौल तिथल्या तिथे अध्यक्षही म्हणतो. म्हणजे आज आम्ही ज्याला बिशप म्हणतो आणि ज्याला प्रेस्बिटर म्हणतो ती तेव्हा एकाच माणसाची दोन नावं होती.

मग अनेकांमधून एक बिशप पुढे का आला? सत्तेची हाव हे एक सोपं उत्तर आहे, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. पण पोट आणि पैसा हे जास्त मोठं कारण दिसतं. कृत्यांचा ६ वा अध्याय घ्या, पदांची सगळी कहाणी कुठून सुरू होते तर जेवणाच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण निवडले, सातही नावं ग्रीक, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. केवढं शहाणपण आहे यात! आणि गंमत म्हणजे त्यांना वाढायला नेमलं होतं, पण स्तेफन आणि फिलिप्प लगेच उपदेश करायला लागले, स्तेफन तर पहिला हुतात्मा झाला, त्याला कोणी म्हणालं नाही की बाबा हे तुझ्या जॉबमध्ये बसत नाही. पुढे इ.स. १५० च्या आसपास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी गोळा झालेले पैसे उपासना चालवणाऱ्या प्रमुखाकडे ठेवायचे आणि त्याने त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले यांना बघायचं. पेटी एकच असेल तर ती एकाकडेच राहणार ना? त्यात गावोगाव फिरणारे संदेष्टे. दिदाखे नावाचा जो फार जुना नियमग्रंथ आहे, ज्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली, तो सांगतो की फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा समजा, आणि पैसे मागितले तरी खोटा समजा. ज्या लोकांना असा नियम लिहावा लागला त्यांना आपल्याच गावातला, ओळखीचा, जबाबदार माणूस हवा होता, आणि तोच ग्रंथ पुढे म्हणतो की आपल्यासाठी अध्यक्ष आणि सेवक निवडा. *निवडा*, हे चुलतभावाने लक्षात घ्यावं, आणि भावोजींनीही.

या बदलात काहीतरी हरवलं हे मात्र मला मान्य आहे, आणि त्याचं मला दुःख आहे. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल पंचवीसहून जास्त माणसांना नावानिशी सलाम सांगतो. त्यात पेत्राचं नाव नाही, पण बायका किती आहेत! किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, आणि तिथे शब्द तोच आहे जो पुरुषांसाठी डीकन होतो. प्रिस्किल्ला, जिच्या घरात मंडळी भरते आणि जिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं. युनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. नंतरच्या लोकांना बाई प्रेषित पटेना म्हणून कित्येक शतकं तिचं नाव पुरुषाचं करून वाचलं गेलं, पण चौथ्या शतकातला क्रिसोस्तोम, जो स्वतः ग्रीक बोलायचा, तो तिला बाईच समजतो आणि तिचं कौतुक करतो. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमी सुभेदाराने ख्रिस्ती लोकांची चौकशी करताना दोन दासींचा छळ केला, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात बायकांनी गप्प राहावं असं आहे, माहीत आहे मला, लहानपणापासून तेच वचन ऐकत आलेय. पण ते एक वचन या सगळ्या नावांना पुसून टाकतं का? आणि आमच्याकडे केडगावला पंडिता रमाबाई कुठल्या ऑर्डिनेशनने पुढारी झाल्या होत्या?

आम्हा सीएनआयवाल्यांना खरं तर हा वाद असा घालायचा अधिकारच नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली, त्यात बिशप मानणारे अँग्लिकन होते, वडिलांच्या मंडळाने चालणारे प्रेस्बिटेरियन होते, आणि नगरच्या मराठी मिशनच्या परंपरेतले लोकही होते, ज्यांच्याकडे मंडळी जमून आपला निर्णय आपण घ्यायची. प्रत्येकाकडे आपापली वचनं होती, आणि प्रत्येकाची वचनं खरी होती. त्यांनी बिशपही ठेवले, प्रेस्बिटरही ठेवले आणि मंडळीचं मतही ठेवलं. नंतर ते कसं चाललं, कोर्टकचेऱ्या किती झाल्या, तो दुसरा विषय, त्याचं मला वाईटही वाटतं. पण त्या दिवशी त्यांनी जे ओळखलं ते बरोबर होतं.

मामा, भावोजी आणि भाऊ, तिघांनी मिळून कृत्यांचा २१ वा अध्याय एकदा वाचावा. पौल परराष्ट्रीय मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेले पैसे घेऊन निघालाय, आणि रोमकरांना त्याने आधीच लिहिलंय की प्रार्थना करा, तिथल्या लोकांना माझी ही सेवा पसंत पडावी. वाटेत कैसरियाला तो उतरतो फिलिप्पाच्या घरी. सातांपैकी एक तो फिलिप्प, ज्याचा सोबती स्तेफन मारला गेला तेव्हा हाच पौल मारेकऱ्यांचे कपडे राखत उभा होता, आणि त्यानंतरच्या छळामुळेच फिलिप्पाला यरुशलेम सोडावं लागलं होतं. त्या घरात त्याच्या चार मुली आहेत, संदेश देणाऱ्या. यहुदियातून अगब संदेष्टा येतो आणि पौलाचा कमरपट्टा घेऊन आपलेच हातपाय बांधून दाखवतो, तिथे गेलास तर तुझं असं होईल. सगळे रडतात, जाऊ नको म्हणतात. पौल जातो. कुप्रातला म्नासोन नावाचा एक जुना शिष्य त्यांना राहायला घर देतो, आणि दुसऱ्या दिवशी पौल याकोबाकडे जातो, सगळे वडील तिथे जमलेले असतात, आणि तो उभा राहून, देवाने आपल्या हातून परराष्ट्रीयांत काय काय केलं, ते त्यांना एकेक करून सांगायला लागतो.